रिम्माची उडी

"स्तेशा, बाईंसाठी म्हातारी घोडी काढ. ऐकतेयस ना?" अश्वशाळेचे प्रमुख पान्तेले कुझमिच अंगणातूनच ओरडले.

"ऐकलं," म्हणत स्तेशाने तापट बुरानवर खोगीर चढवलं.

युक्रेनमधल्या खेरसोनच्या माळावरच्या या अश्वशाळेत ती सोळाव्या वर्षापासून लीद काढत होती. दोन वर्षांपूर्वी इथे सिनेमावाले आले. यादवी युद्धात लाल फौजेसाठी लढणाऱ्या चार पोरांची गोष्ट. नायिका रिम्मा घोड्याजवळ जायलाही घाबरे. म्हणून तिचे कपडे घालून जळत्या पुलावरून घोडा उडवला स्तेशाने. खांद्याचं हाड मोडलं. पडद्यावर चेहरा दिसला रिम्माचा. सिनेमा देशभर गाजला. स्तेशाच्या नवऱ्यानेसुद्धा ट्रॅक्टरमध्ये रिम्माचं चित्र चिकटवलं.

आज तीच रिम्मा गावाच्या भेटीला आली होती. सकाळी गावच्या क्लबात शाळामास्तरांनी तिला विचारलं होतं, "ती उडी तुम्हीच मारलीत?"

"थोडी भीती वाटली," रिम्मा हसली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अगं, ऊठ, सांग की!" शेजारीण मोत्र्याने स्तेशाला कोपर मारलं. स्तेशा बसूनच राहिली. आतून मात्र जळत होती.

आता फोटोसाठी रिम्मा अंगणात आली. फुरफुरणारा बुरान बघून तिचा चेहरा उतरला. मग तिने स्तेशाला ओळखलं.

"तूच ना ती?" ती हळूच म्हणाली. "एका गावात खरं सांगितलं होतं गं मी. लोक माझ्यावरच चिडले. फसवलंत म्हणाले."

"बरं."

"यावर बसले तर पडेन ना मी?"

"पडाल."

भोवती सगळा गाव उभा होता. रिम्माने ओठ घट्ट मिटले आणि रिकिबीत पाय घातला. स्तेशाने नुसता लगाम सोडला असता, तरी काम झालं असतं. दोन वर्षं ती मनातल्या मनात हिला पाडत आली होती.

"आयाळ धरा," ती म्हणाली. "खाली बघू नका."

"ओ काकू, बाजूला व्हा! मध्ये येताय!" फोटोवाला खेकसला.

काकू! रिम्मापेक्षा ती एकाच वर्षाने मोठी होती. लगामाला लांब दोर बांधून ती सात पावलं मागे सरली आणि तिथून बुरानशी हलक्या आवाजात बोलत राहिली. बुरान जागचा हलला नाही.

तो फोटो अजून क्लबात लटकतोय. रिम्माने तलवार उंच धरलीय, गाव कौतुकाने तिच्याकडे बघतोय. एकटा बुरान तेवढा मान वळवून चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघतोय.