दिव्याखाली रुसणारा आत्मा

सभागृहाचे अध्यक्षमहाशय, गुन्हेगार तुम्ही आहात! मेलेल्यांचे आवाज ऐकवणारा तो नादगुरू ठग आहेच; पण त्या ठगाला मंच, झगझगीत दिवे आणि मखमली खुर्ची तुम्ही दिलीत. वर पहिल्या रांगेत बसून डोळेही पुसलेत. म्हणून ही हकीकत तुमच्या तोंडावर सांगायची आहे.

त्या दुपारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. नादगुरूचा चेला गिटार वाजवत होता. तिची वायर एका काळ्या, डांबराने बुजवलेल्या डब्यात जात होती आणि स्पीकरमधून येत होता थेट अप्पांचा आवाज! अप्पा म्हणजे शहराचा लाडका गिटारवादक. जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या गिटारचा तो खरखरीत, तरीही मधाळ स्वर ऐकून माणसं हुंदके देत होती. अन् एकाएकी आवाज अडखळला, थुंकल्यासारखा तुटू लागला, मेला.

"रुसला! आत्मा रुसला!" नादगुरू किंचाळला. "सभेत कुणीतरी शंकेखोर आहे!"

त्याने डब्यावर ओलं फडकं ठेवलं, डोळे मिटून बराच वेळ गुरगुरला. स्वर परतला. टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

मग तो अप्पांच्या बायकोकडे वळला. "ताई, आत्म्याला देह हवाय. पुढच्या सभेत त्यांची गिटार मला अर्पण करा."

तिने मान डोलावली. शेजारी बसलेल्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक शाळेत विज्ञान शिकवायची.

"आई, अप्पा जिवंतपणी तुझ्यावर कधी रुसले नाहीत," घरी आल्यावर ती कडाडली, "आणि आता परक्याच्या डब्यात बसून रुसतात होय?"

"तुला सगळीकडे खोटंच दिसतं गं. मला त्यांचा आवाज ऐकू आला. तेवढा तरी राहू दे मला."

आवाज लेकीलाही ऐकू आला होता! गिटार गेली तर अप्पांचं घरात काहीच उरणार नव्हतं. पण नुसतं 'थोतांड' म्हणून आईच्या कानांतून तो स्वर कसा उपटायचा?

"मग तो मीच काढून दाखवते," ती म्हणाली.

अप्पांच्या गिटारला तो खरखरीत स्वर देणारं पेडल त्यांच्या आजारपणाच्या धावपळीत कुठेतरी हरवलं होतं. पेडल म्हणजे तरी काय? गिटारच्या स्वराची लाट इतकी फुगवायची, की तिचे माथे कापले जावेत. कापलेली लाट खरखरते. त्यासाठी जर्मेनियमचे दोन जुने ट्रान्झिस्टर, थोडे सुटे भाग आणि एक बॅटरी पुरते. लेकीने बोटं भाजून घेतली, स्वतःला शिव्या घातल्या, सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. तार छेडली आणि खोलीत अप्पा घुमले. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या उन्हात तोच डबा थुंकू लागला. सोल्डरिंग चुकलं असेल म्हणून लेकीने एकूण एक सांधा पुन्हा केला. छे! वैतागून डबा गार फरशीवर टाकून दिला. संध्याकाळी पाहते तर ठणठणीत! ती थबकली. टेबलावरचा दिवा डब्यावर ओढला, तर स्वर रुसला. ओलं फडकं ठेवलं, तर परतला. ती एकटीच खदखदून हसली.

पुढच्या सभेत लेक गिटार घेऊन मंचावर चढली. नादगुरूने हात पसरले.

"थांबा." तिने आपला डबा काळ्या डब्याशेजारी दिव्यांखाली ठेवला आणि वाजवायला लागली. सभेला तोच स्वर ऐकू आला. अप्पाच! चेल्यालाही वाजवायला लावलं. दिवे तापत गेले आणि दोन्ही डबे एकापाठोपाठ रुसले.

"गुरुजी, एका माणसाचे दोन आत्मे? आणि एक बिस्किटांच्या डब्यात?"

मागे खसखस पिकली. तिने पिण्याच्या पाण्यात रुमाल भिजवून आपल्या डब्यावर ठेवला. स्वर परतला. "जर्मेनियम तापलं की वीज गळते, स्वर गुदमरतो. गार केलं की सुधारतो. काम फडक्याचं, गुरगुरणं फुकटचं!"

"पाखंडी! डबा उघडला तर आत्मा निघून जाईल!"

"माझा उघडाच आहे, बघा. आता तुमचा उघडा."

त्याने डबा छातीशी घट्ट धरला. तेवढ्यात आई मंचावर आली, तिने लेकीच्या हातातून गिटार घेतली. नादगुरूचा चेहरा खुलला. आईने गिटारचा पट्टा लेकीच्याच खांद्यावर नीट चढवला.

"वाजव बाळा. मला यांचा आवाज हवाय, त्याची गुरगुर नको."

लोकहो, गेलेल्या माणसासाठी खुशाल रडा. पण जो रडवतो, त्याला डबा उघडायला सांगा. नाही म्हणाला, तर काय ते ओळखा.

आणि अध्यक्षमहाशय, तुम्ही त्या वेळी मागच्या दाराने निघून गेलात. पुढच्या महिन्याचं सभागृह पुन्हा त्यालाच दिलंत. का? सगळ्यांसमोर या आणि सांगा: का?