पाकळ्या टाकणारा ड्रोन

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. हसू नका! आमच्या जातीत चार वर्षं झाली की म्हातारपणच. एक पंख बदललेला, अंगभर ओरखडे, तरी रामनगर बसस्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत, काचेच्या कपाटात, माझाच थाट!

जंगलाच्या बाजूला उडायला मला बंदी, तिथं वाघांचं राज्य. म्हणून मी लग्नांचाच. माझ्या पोटाखाली एक छोटा चिमटा आहे. त्यात पाकळ्यांची पुरचुंडी अडकवायची, मी नवरा-नवरीच्या डोक्यावर जायचं, खालून माझा मालक नागराज बटण दाबणार आणि चिमटा उघडणार. काय टाळ्या पडायच्या! मला वाटायचं, जगातल्या सगळ्या ड्रोनांचं काम हेच.

मग एका दुपारी मला चार्जिंगला लावून नागराज फोनवर व्हिडिओ बघत बसला. कुठल्या तरी दूरच्या लढाईचा. त्यात मीच होतो! म्हणजे हुबेहूब माझ्यासारखा. तेच चार पंख, तसाच चिमटा. फक्त चिमट्यात पाकळ्या नव्हत्या. खाली खड्ड्यात एक माणूस वर बघत होता. चिमटा उघडला. मागे झकास गाणं वाजत होतं.

"कसला नेम हाय!" नागराज म्हणाला आणि त्याने पुढचा व्हिडिओ लावला.

त्या दिवसापासून माझी घरघर मलाच नकोशी झाली.

पुढच्याच आठवड्यात राखीचं लग्न होतं. तिचा अण्णा, म्हणजे थोरला भाऊ महाबळेश्वर, फौजेत. सीमेवरून मोजकी रजा घेऊन आला होता. अक्षता पडल्या आणि मी उघड्या स्टेजच्या वर, हवेत जाऊन थांबलो. महाबळेश्वरने मान वर केली. त्याची नजर माझ्या चिमट्यावर खिळली. ती नजर मी पाहिली होती. त्या खड्ड्यातल्या माणसाची! पण मी काय करणार? बटण दाबलं गेलं.

"राखी, खाली!"

बहिणीला आडवं पाडून तो तिच्यावर पालथा झाला. त्याच्या पाठीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या.

सगळा मांडव हसला. "फुलांना भ्यालं की रं फौजी!"

नागराज तर खूश. "लाखभर लोक बघतील हे रील!"

राखी मुंडावळ्या सावरत उठली. "नागूमामा, आत्ताच्या आत्ता पुसा ते! अण्णाला परत तिथं सीमेवरच जायाचं हाय."

"अगं, गंमत म्हणून..."

"मामा," महाबळेश्वर हळूच म्हणाला, "तिथं ह्याचा आवाज आला की आमी श्वास रोखून धरतो. आधी मारणारा समोर तरी दिसायचा म्हणे. आता तो कुठंतरी खुर्चीत बसून आमाला बघतोय. आन् बाकीचं जग फोनवर बघतंय. तुमीबी बघता न्हवं?"

नागराजचा चेहरा उतरला. त्याने क्लिप पुसली. माझ्या कॅमेऱ्यातली. पण मांडवातल्या फोनांचं काय?

रजा संपली. महाबळेश्वर बेळगावच्या बससाठी स्टँडवर आला. मी काचेतून पाहत होतो. त्याला बघताच शाळेची पोरं "घर्रर्र! आला, आला!" करत जमिनीवर लोळली. तोही हसला. हसता हसता त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं. आभाळ रिकामं होतं. तरी बस येईपर्यंत तो शेडखालून बाहेर आला नाही.

मित्रांनो, मला बटणाला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. असा एखादा व्हिडिओ तुमच्या फोनवर आला, तर पुढे पाठवायला बोट उचलण्याआधी एवढंच विचारा: खाली कोण आहे?