भागिरथीची सर्व्हिस

उन्हाळा लागला तरी नितीन खोलीबाहेर येईना. भागिरथी जेवणाचं ताट दाराशी ठेवायची आणि अर्धंमुर्धं खाल्लेलं परत उचलून न्यायची. मनगटाचं प्लास्टर कधीच निघालं होतं, हाड जुळलं होतं, पण कॉलेज सुटलं ते सुटलंच.

ऐन गाळपाच्या हंगामात तो आणि त्याचा मित्र परवेझ मोटारसायकलवर कोल्हारहून साखर कारखान्याच्या कॉलनीत परतत होते. दिवस मावळला होता. उसाची एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागं दिवा नाही की काही नाही. गाडी नितीन चालवत होता. मागं बसलेला परवेझ गेला.

दोघं कॉलनीच्या सिमेंटच्या टेनिस कोर्टावर लहानाचे मोठे झाले होते. कोर्टाच्या एका अंगाला नितीनचं घर, दुसऱ्या अंगाला परवेझचं. आता कोर्टावर पालापाचोळा साचत होता.

नितीनचे वडील रंगनाथ कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. त्यांनी मुलाला नगरच्या डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या आणल्या, समजावून सांगितलं, एकदा चिडून ओरडलेसुद्धा. नितीन ऐकून घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून निजायचा.

एका सकाळी भागिरथीनं त्याची रॅकेट आणि चेंडूंची पिशवी उचलली, पदर खोचला आणि कोर्टावर गेली. ती तिसगावकडची. शेतात वाढलेली. रॅकेटला तिचा हात लागला होता तो फक्त धूळ झटकताना. आपण हे का करतोय, हे तिला धड सांगताही आलं नसतं. पोराला हाका मारून झाल्या होत्या, देवीला नवस बोलून झाला होता. आणखी काही सुचत नव्हतं.

नितीन सर्व्हिस करायचा तसा तिनं चेंडू उंच फेकला आणि रॅकेट फिरवली. चेंडू पायाशी पडला. पुन्हा फेकला, पुन्हा तेच. लागला तेव्हा थेट कुंपणापार गेला.

"अगं, या वयात हे काय काढलंस?" शेजारची केशरबाई कुंपणाला टेकून हसली.

"शिकतीय," भागिरथी म्हणाली आणि चेंडू आणायला गेली.

ती रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ लागली. दंड भरून यायचे, पोळ्या लाटताना हात उचलवत नसे. तरी ती नितीनच्या खिडकीसमोरची बाजू सोडत नव्हती. शेवटी एकदा ती खिडकी करकरली.

"आई, एवढा वर नको ना फेकूस!"

"काय म्हनलास? ऐकू न्हाई आलं."

थोड्या वेळानं नितीन स्लिपर घालून कोर्टावर आला. दाढी वाढलेली, उन्हानं डोळे बारीक झालेले. त्यानं तिच्या हातातली रॅकेट नीट धरून दिली.

"हातोडी धरतात तशी धर. आता ती खालून गरगर फिरवत आणू नकोस. आधीच वर घे. कोपर खांद्याएवढं, रॅकेट डोक्यामागं. हं, तिथंच थांब. आता फळीवर वाटी ठेवतात ना, तसा डाव्या हातानं चेंडू समोर वर ठेव. फेकू नको, ठेव."

"आन् मग?"

"मग हात लांब करून वरच्या वर मार. जोर नको लावूस."

त्यानं तिला जाळीजवळ उभं केलं. तिथून जमायला लागल्यावर एकेक पाऊल मागं नेलं. काही दिवसांनी, मागच्या रेघेवरून मारलेला तिचा एक चेंडू जाळीवरून जाऊन समोरच्या चौकोनात पडला.

"बरोबर पडला का रे?"

"पडला," नितीन म्हणाला. त्या दुपारी तो स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवला. आईनं वाढलेली दुसरी भाकरी त्यानं परत केली नाही.

त्याच संध्याकाळी परवेझची आई सरवरी मागच्या दारी आली. ती कॉलनीच्या बालवाडीत शिकवायची.

"बस ना, भाभी," भागिरथी म्हणाली.

सरवरी बसली नाही. "तो चेंडूचा आवाज घरात येतो. मी चुलीपाशी असते आणि वाटतं, परवेझ खेळतोय. आता घामाघूम होऊन येईल, पाणी मागेल. मग आठवतं." तिनं दाराची चौकट धरली. "बंद करा म्हणायला नको मी. पण तेच म्हणायला आलेय. बंद करा, ताई."

"व्हय," भागिरथी एवढंच म्हणाली.

आत नितीननं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची खिडकी बंद राहिली.

"आपलं पोर जगलंय, तर त्याला जगू द्यायचं का नाही?" रंगनाथ चिडून म्हणाले.

"तिचं न्हाई जगलं," भागिरथी म्हणाली. पण मनातून तिलाही सरवरीचा राग आला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती. दिवसभर तिचं कशातच लक्ष लागलं नाही.

उन्हं कलल्यावर नितीन दाढी करून बाहेर आला. "चाचींकडे जातो," म्हणाला. अपघातानंतर त्यानं परवेझच्या घराची पायरी चढलेली नव्हती. भागिरथी त्याच्या मागोमाग गेली आणि फाटकाशीच थांबली.

दार परवेझचे वडील अजीज यांनी उघडलं. सरवरी आत खाटेवर बसली होती.

"चाची, गाडी मी चालवत होतो."

"माहीत आहे मला."

"ट्रॉली दिसलीच नाही मला. शेवटपर्यंत दिसली नाही."

सरवरी म्हणाली, "माफी मागायला आलास?"

"नाही. ती कशी मागायची ते मला कळत नाही. आधीच यायला हवं होतं, म्हणून आलो."

सरवरी उठून आतल्या खोलीत गेली. अजीजनी नितीनच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. स्वतःही शेजारी बसले. फाटकाशी भागिरथी तशीच उभी होती.

अंधार पडता पडता सरवरी बाहेर आली. नितीनकडे न बघता म्हणाली, "सकाळी मी बालवाडीत असते. दुपारी जेवायला येते. तोवर खेळून घ्या. संध्याकाळी नको."

"बरं, चाची."

"आणि तुझ्या आईला आत बोलव. केव्हाची उभी आहे ती."

भागिरथी आत आली. दोघी एकमेकींकडे बघू शकल्या नाहीत.

तेव्हापासून मायलेक सकाळचं कोर्टावर जायचे. काही दिवस नितीन चांगला असायचा, काही दिवस पांघरूण तोंडावरून काढायचाही नाही. मग भागिरथी एकटीच जायची. परीक्षा बुडाली ती बुडालीच, पण जूनमध्ये तो एस.टी.नं कॉलेजला जायला लागला. वाटेत सरवरी भेटली की कधी थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलायची, कधी मान फिरवून निघून जायची. दोन्ही वेळा ती वळणाआड होईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उभा राहायचा.