माझ्या कार्डावरची नावं

मित्रांनो, मला जुनी म्हणा, माझी हरकत नाही. मी एक कादंबरी आहे. वय सातच वर्षं, पण माझी बांधणी दोनदा उसवली आहे आणि एकशे बाराव्या पानावर चहाचा डाग आहे. तो कुणाचा हे मला ठाऊक आहे, पण मी चहाडी करणार नाही.

छापखान्यातून निघाले तेव्हा अंगाला शाईचा वास होता आणि डोक्यात हवा. माझ्यात दोन पुरुषांची गोष्ट आहे. ते एकमेकांवर प्रेम करतात, एका खोलीत संसार थाटतात आणि भांडी कुणी घासायची यावरून भांडतात. वाचनालयात मात्र लोक मला उचलत, मागचा मजकूर वाचत आणि चटका बसल्यासारखे खाली ठेवत. दीड वर्ष मी धूळ खात पडले.

मग ग्रंथपालबाईंनी दाराजवळ ‘वाचून बघा’ नावाचं कपाट मांडलं. नव्या कादंबऱ्या तिथे ठेवायच्या आणि येईल त्याला त्याच्या आवडीची सुचवायची, हा बाईंचा नाद. एका अबोल शिंप्याच्या हातात त्यांनी मला ठेवलं. “न्या. आवडलं नाही तर मला बोला,” एवढंच म्हणाल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात तो आणि त्याचा जोडीदार मिळून शिवणकाम करत. लोक त्यांना नुसते मित्र समजत. त्याने मला जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवलं. इतक्या मायेने मला त्याआधी कुणीच वाचलं नव्हतं. तो मला सहा वेळा घेऊन गेला.

आमच्याकडे पुस्तक नेताना आतल्या कार्डावर सही करायची असते. कार्डाच्या ओळी वीस. त्या भरल्या की बाई ते कार्ड फाडतात आणि कोरं लावतात, असा नियमच आहे. कोणी काय नेलं याची दुसरी नोंद कुठेच नसते. बाकीचे गिचमिड सह्या करत. शिंप्याचं काम मात्र मापात: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. सहाही वेळा.

आणि एक दिवस वाचनालयाच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली. त्या कपाटाबद्दल तक्रार होती. एकवीस दिवसांनी, शनिवारी, ते स्वतः येऊन प्रत्येक पुस्तकाचं कार्ड बघणार होते. असली पुस्तकं कोण नेतं ते त्यांना कळायला हवं होतं.

बाईंनी मला उघडलं. त्यांचं बोट शिंप्याच्या सहा ओळींवरून फिरलं. शिंप्याचं दुकान अध्यक्षांच्याच जागेत होतं. कार्डावर खाडाखोड केली तर बाईंची नोकरी जाणार, आणि मला लपवावं तर यादीत माझं नाव. त्यांनी रिकाम्या ओळी मोजल्या. नऊ. नऊ जणांनी मला नेलं असतं, तर कार्ड नियमानेच फाडता येणार होतं. त्यांनी शिंप्याला तोवर इकडे फिरकू नका असं बजावलं आणि कामाला लागल्या.

नर्सबाईंना फक्त प्रेमकथा लागत.

“शेवटी दोघं एकत्र येतात ना?” त्यांनी विचारलं.

“येतात. पण आधी जीव टांगणीला लावतात. परवा परत करा हं.”

वायरमनला जादूच्या आणि राक्षसांच्या गोष्टींखेरीज काही चालत नसे.

“राक्षस आहे का यात?”

“आहे की. घरमालक आहे.”

तो हसला आणि मला पिशवीत घालून घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणलं तेव्हा तो हसत नव्हता. “चांगलं आहे,” म्हणाला, आणि त्याने मला स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलं.

अशी मी घरोघर फिरले. एका ड्रायव्हरने मला पाच दिवस गाडीतच ठेवलं. बाई त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा सुटले. शुक्रवारी दुपारी एकच ओळ उरली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी आधी शेवटचं पान वाचलं, मग सही केली. घरी नेऊन पुढचं वाचलं आणि संध्याकाळी मला परत आणलं. बाईंनी कार्डाचे बारीक तुकडे केले आणि कोरं कार्ड लावलं. मला हायसं वाटलं.

शनिवारी अध्यक्ष आले. त्यांनी मला उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे कार्ड कोरं आहे.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे हे कोणी वाचतच नाही. मग जागा कशाला अडवायची? रद्दीत घाला.”

बाईंनी आधीचं कार्ड भरलं होतं म्हणावं, तर त्यावर कोण होतं तेही सांगावं लागणार. अध्यक्षांनी मला रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकलं. मी घाबरले, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळून कोणीतरी उठलं. शिंपी. नको सांगितलं तरी आला होता. त्याने मला गठ्ठ्यावरून उचललं आणि खिशातलं पेन काढलं.

“मला हवंय हे. सातव्यांदा.”

“विचार कर,” अध्यक्ष हळूच म्हणाले. “दुकान माझ्या जागेत आहे.”

“लक्षात आहे.”

त्याने नाव लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं. पेन जरा अडखळलं, आणि मग त्याने आडनावही लिहिलं.

“यांच्यानंतर माझा नंबर,” मागून नर्सबाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांचं वाचायचं राहिलंय.”

अध्यक्ष निघून गेले. महिन्याभरात शिंप्याला जागा सोडावी लागली, हेही मी लपवणार नाही. आता दुकान मागच्या गल्लीत आहे, पहिल्यापेक्षा लहान. पण पाटीवर दोन नावं आहेत, दोन्ही पूर्ण.

म्हणून सांगते, माझी पानं दुमडू नका, चहाचा कप माझ्यापासून लांब ठेवा. मी आवडले तर गुपचूप परत ठेवू नका, कुणाला तरी सुचवा. सही करताना पूर्ण नाव लिहा. ते जमत नसेल तर गिचमिड सहीही चालेल. माझ्या कार्डावर अजून जागा आहे.