चौथी वाघीण

मित्रांनो, मी एक जुनी वाघीण आहे. जंगलातली नव्हे, मालगाडीची. चार जोड्या चाकांवर आडवे झोपवलेले लोखंडी पोट, माथ्यावर एक झाकण आणि तळाशी एक तोटी, एवढाच माझा देह. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात, जिथे दिवसभर गाडी चालली तरी मोजायला एक धड झाड मिळत नाही, तिथे माझा जन्म गेला.

मला बनवले मात्र समुद्रकाठच्या कारखान्यात. त्या दिवशी तिथे एकाच मापाच्या दोन टाक्या तयार झाल्या. एकाच पत्र्याच्या, त्याच हातांनी रिवेट ठोकलेल्या, एकाच पिंपातल्या काळ्या रंगाने रंगवलेल्या. एक मी आणि दुसरी माझी बहीण. आम्हाला शेजारी उभे केले की रंगाऱ्यालाही कोण कुठली ते सांगता येईना. मग एक कारकून आला. त्याने खडूने तिच्या अंगावर 'पाणी' लिहिले आणि माझ्या अंगावर 'तेजाब'. तो जरा अलीकडे थांबला असता, तर तिचे आयुष्य मला मिळाले असते. ही गोष्ट मी फार वर्षे मनात धरून होते.

तेजाब म्हणजे गंधकाचे ॲसिड. खाणीत दगडातून धातू सोडवायला ते लागते. दिसायला ते पाण्यासारखेच, पण पाणी पोटात खळखळते, तसे ते खळखळत नाही. तेलासारखे जड हलते. गाडीला ब्रेक लागला की मी थांबत असे, आणि मग थोड्या वेळाने माझ्या आतले ते सावकाश पुढे सरकत असे, जणू आत कोणी झोपेत कूस बदलते आहे. इतकी वर्षे ते माझ्या पोटात राहिले, पण त्याची मला कधी सवय झाली नाही.

बहिणीचे काम वेगळे होते. वुलगारी जंक्शनच्या पुढे खाणीपर्यंत जो कोरडा फाटा जातो, त्यावर रुळांची डागडुजी करणाऱ्या गँगचे तळ होते. तिथे ना विहीर, ना ओढा. आठवड्यातून एकदा बहिणीला तळावर सोडत आणि गाडी खाणीवरून परतताना रिकामी झालेली तिला परत नेत. वुलगारीपासून नव्वद मैलांवरच्या तळावर टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरून आलेली माणसे होती. समुद्राची माणसे ती, पण पोटासाठी खाऱ्या वाऱ्यापासून हजार मैल आत आलेली. बहीण आली की ती गाणी म्हणत बादल्या घेऊन धावत. परतीच्या वाटेवर बहीण मला ते सगळे सांगे, आणि मी ऐकून घेई. माझे कौतुक खाणीवर एवढेच व्हायचे, की ही कधी ठिबकत नाही.

धोक्याचा माल रेल्वेने कसा न्यावा, याचे नियम आमच्या राज्यात होते. चाळीस वर्षांपूर्वीचे एक पातळ पुस्तक होते ते. त्यात लिहिले होते, की धोक्याची वाघीण इंजिनापासून लांब जोडावी, तिच्या एका बाजूला लाल पाटी लावावी आणि वाघिणींची यादी गाडी निघते त्या ठाण्यावर करावी. म्हणून बावीस वाघिणींच्या गाडीत बहीण चौथी असे आणि मी एकोणिसावी. पुस्तकाप्रमाणे सगळे ठीक होते.

पण पुस्तक लिहिणाऱ्याने वुलगारी पाहिलेले नव्हते. तिथे समुद्राकडून आलेली लाइन संपते. खाणीच्या फाट्याला लागायचे तर इंजिन सुटून शेपटाकडे जाते आणि गाडी उलट दिशेने निघते. पहिली ती शेवटची होते, शेवटची ती पहिली. कागद मात्र तोच राहतो.

आमचा गार्ड क्लेम ट्रँटर हे जाणून होता. वुलगारीला इंजिन फिरले, की तो खडू घेऊन गाडीच्या कडेने चालत निघे. प्रत्येक वाघिणीवर हात ठेवी, नवा आकडा लिही आणि यादी स्वतःच्या हाताने उलटी करी. "एकोणीस होतीस ना, आता चार झालीस. डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस," असे तो मला दर खेपेला म्हणायचा. हे काम त्याला कुणी सांगितले नव्हते आणि पुस्तकातही ते नव्हते.

पुढे गार्डाचा डबाच गाडीतून काढून टाकला. क्लेम घरी गेला. त्याची कामे कागदावर इतरांना वाटून दिली. वुलगारीची पायपीट कुठल्याच कागदावर नव्हती, म्हणून ती कुणाच्याच वाट्याला आली नाही. जुने ड्रायव्हर मनातल्या मनात यादी उलटी वाचत, म्हणून काही महिने निभावले. पण वुलगारीहून निघताना दर वेळी मला विचित्र वाटे. कागदावरची चौथी पाण्याची, आणि चौथ्या जागी तर मी. बहिणीचे नाव कुणीतरी माझ्या अंगावर पांघरले आहे आणि ते कुणाला दिसत नाही, असे ते वाटणे होते.

त्या दिवशी समुद्राकडच्या लाइनवरचा ड्यूगल नावाचा ड्रायव्हर या फाट्यावर पहिल्यांदाच आला होता. दुपारी तीनच्या सुमारास आम्ही नव्वद मैलांच्या तळाशी थांबलो. गँगचा मुकादम आबिया वाइया वाघिणींमधले कपलिंग सोडायला पुढे आला. वयाने मोठा म्हणून त्याला सगळे अंकलच म्हणत.

"चौथीच ना रे?" त्याने खालून विचारले.

"चौथी. पाणी, पूर्ण भरलेली, असंच लिहिलंय," ड्यूगल म्हणाला. "जरा हात उचला अंकल, उन्हानं मेंदू शिजतोय माझा."

"शिजायला आधी असावा लागतो, बाबा."

दोघेही हसले. माझ्या अंगावर क्रमांक होता, पण लाल धुळीखाली. लाल पाटी होती, पण पलीकडच्या बाजूला, आणि तळ अलीकडे. मला ढकलून बाजूच्या लाइनवर उभे केले. गाडी निघाली. एकोणिसाव्या जागेवरून माझी बहीण माझ्यासमोरून निघून गेली, माझे नाव घेऊन.

मग ती माणसे आली. आठ-दहा जण, बादल्या, पिंपे, पत्र्याची भांडी घेऊन. ती हसत येत होती. माझ्याकडे आजवर कुणी हसत आले नव्हते. खरे सांगू? क्षणभर मला बरे वाटले. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

त्या तळाचा एक रिवाज होता. पाणी आले की पहिला मगा तळावरच्या सर्वांत वडील माणसाचा. मुकादमाची बायको, आंटी केझाया, ही सर्वांत वडील. नवऱ्यापेक्षाही चार वर्षांनी मोठी. तिने प्यायल्याशिवाय कुणी बादली लावत नसे. ती चहा पीत बसली होती, तोच मगा घेऊन उठली, पण तोटीपाशी येऊन थांबली.

"पाखरं कुठायत?" ती म्हणाली.

पाण्याची वाघीण उभी राहिली की त्या माळावर कुठून कुठून फिंच पाखरांचे थवे येत आणि ठिबकत्या तोटीखाली दाटी करत. आज माझ्याभोवती एक पंख नव्हता. माशीसुद्धा नव्हती.

"आता पाणी प्यायला पाखरांची परवानगी घ्यायची का?" मुकादम म्हणाला.

"पस्तीस वर्षं तुझी परवानगी घेतली, त्यापेक्षा पाखरं शहाणी."

सगळे हसले. "आधी आंटी, आधी आंटी!" असा गलका झाला. आता मागे सरले तर सगळेच तहानलेले राहतील, म्हणून तिने तोटी फिरवली. मला ओरडता आले असते तर! माझ्या पोटातले ते नेहमीप्रमाणे सावकाश पुढे सरकले आणि अजिबात आवाज न करता तिच्या मगात उतरले.

तिने मगा तोंडाकडे नेला. तळाशी तिच्या गोड चहाचा गाळ उरला होता. ती साखर काळी पडली, फुगली आणि काळ्या फेसासारखी वर येऊ लागली. मगा हातात तापला. आंटीने तो फेकून दिला, पण अर्धा तिच्या उजव्या पावलावर सांडला. जमिनीवर पडले ते चुनखडीच्या मातीत फसफसले आणि पांढरा धूर निघाला.

तिच्या ओरडण्याने सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. तळावर जुन्या पाण्याचे अर्धे पिंप तेवढे शिल्लक होते. मुकादमाने तोटी बंद केली, पिंपाकडे धाव घेतली आणि तिच्या पावलावर पाणी ओतायला लागला.

"अरे थांब, उद्या प्याल काय?" ती विव्हळत म्हणाली.

"गप बस गं! ओता रे, सगळं ओता!"

सगळे ओतले. मग मुकादमाने रुळाकडेच्या टेलिफोनवरून वुलगारीला कळवले. तिकडून उत्तर आले, की गाडी खाणीवरून परत निघायला उद्याची दुपार होईल. मलमपट्टी घेऊन एक माणूस ट्रॉलीवरून निघतो आहे, पाण्याचा एक कॅन बरोबर आणतो.

ती संध्याकाळ मी विसरणार नाही. माणसे माझ्यापासून लांब, एका ओळीत बसली होती. त्यांच्यासमोर मी होते, काठोकाठ भरलेली, आणि त्यांचे ओठ सुकले होते. ऊन उतरले तसा माझा पत्रा निवू लागला आणि 'टण्' असा आवाज होऊ लागला. प्रत्येक आवाजाला सगळ्यांच्या माना एकदम वळत. मी काही बोलते आहे, असे त्यांना वाटले असावे. मला पुष्कळ सांगायचे होते, पण पत्र्याला तेवढा एकच शब्द येतो.

आंटी वाचली. उजव्या पायाची दोन बोटे गेली आणि चाल लंगडी झाली. मगात चहाचा गाळ नसता तर काय झाले असते, हे त्या तळावर कुणी मोठ्याने बोलत नाही.

चौकशी झाली. राज्याकडून हॅलोरन नावाचे साहेब आले. ड्यूगल म्हणाला, मी यादी पाळली. ठाण्यावरचा कारकून म्हणाला, यादी निघताना बरोबर होती. दोघेही खरे बोलत होते. साहेबांनी वुलगारीच्या यार्डात आंटीला आणि मुकादमाला बोलावून अहवाल वाचून दाखवला. त्याचा सारांश एका वाक्याचा होता: कर्मचाऱ्यांनी अधिक दक्षता घ्यावी. पुस्तक होते तसेच राहणार होते. ये रे माझ्या मागल्या!

आंटीने शांतपणे ऐकून घेतले. यार्डात आम्ही दोघी बहिणी शेजारी शेजारी उभ्या होतो. माझी लाल पाटी पलीकडच्या बाजूला, दोघींच्या अंगावर तीच धूळ. आंटीने पिशवीतून एक मगा काढला आणि साहेबांपुढे धरला.

"साहेब, ऊन फार आहे. घसा सुकला असेल तुमचा."

"हो, थोडं पाणी चालेल," साहेब म्हणाले.

"मग घ्या की. दोन्ही तुमच्याच वाघिणी. भरा कुठल्याही तोटीतून."

साहेबांनी मगा घेतला. आधी माझ्याकडे पाहिले, मग बहिणीकडे, मग हातातल्या कागदाकडे. मित्रांनो, तेव्हा मलाही कळेना की आमच्यातली कोण कुठली. त्या कारकुनाने आम्हाला खडू लावण्याआधी आम्ही उभ्या होतो, तशाच पुन्हा झालो होतो. माझ्या पोटात काय आहे, याचा माझा मलाच संशय आला.

"घ्या की," आंटी म्हणाली. "अधिक दक्षता घेऊन घ्या."

साहेब पलीकडे जाऊन पाटी पाहून येऊ शकले असते, पण गेले नाहीत. त्यांनी मगा खाली ठेवला, अहवाल घडी करून खिशात घातला आणि खडूचा तुकडा मागून घेतला. मग भर उन्हात ते यार्डात उभ्या असलेल्या गाडीच्या कडेने एकटेच चालत निघाले, प्रत्येक वाघिणीवर हात ठेवत, शेवटच्या वाघिणीपर्यंत.

त्यानंतरही दीड वर्ष कागदी घोडे नाचले, पण नियम बदलले. आता धोक्याच्या वाघिणीला चारही बाजूंनी पाटी असते. इंजिन टोक बदलते तिथे गाडीच्या कडेने चालत जाऊन यादी नव्याने करावी लागते, आणि करणाऱ्याची सही लागते. कुठलीही वाघीण सोडण्याआधी देणारा आणि घेणारा, दोघांनी तिचा क्रमांक मोठ्याने वाचायचा. पाण्याच्या आणि तेजाबाच्या तोट्यांची तोंडे वेगळी केली, एकीची नळी दुसरीला बसतच नाही. मला नारिंगी रंग दिला. बहीण आणि मी पुन्हा कधीही एकसारख्या दिसणार नाही, याचे मला दुःख झाले नाही.

आता मी मोडीच्या यार्डात उभी आहे. पोट रिकामे आहे असे कागद म्हणतो, पण भिंतींना अजून ते चिकटलेले आहे. ऊन चढले की ते आत हलते, हे मला कळते. नारिंगी रंग उडत चालला आहे. दोन पाट्या वाऱ्याने गेल्या, एक गंजली, उरलेली पलीकडच्या बाजूला आहे. परवा यार्ड पाहायला आलेली काही माणसे ऊन लागले म्हणून माझ्या सावलीत बसली. पाठ टेकून त्यांनी डबे उघडले आणि एकजण म्हणाला, "जुनी पाण्याची टाकी दिसते."

मित्रांनो, वस्तू आपली कहाणी संपवताना तुमच्याकडे माया मागतात. मला माया नको. माझी पाटी पुन्हा लावा, आणि मला घाबरा.