मानेतली नळी

मी आयसीयूची मुख्य सिस्टर. तोंडाची फटकळ, असं सगळे म्हणतात, आणि खरंच आहे ते. बावीस वर्षं झाली, रोज सकाळी प्रत्येक खाटेशी उभी राहून एकच प्रश्न विचारते, "मानेतली नळी आज कशाला हवी?" उत्तर नाही आलं, की नळी बाहेर. ती थेट मोठ्या रक्तवाहिनीत जाते. जीव वाचवते, पण जितके दिवस राहील तितका जंतूंना रक्तात शिरायला रस्ता मोकळा. त्यात पेशंटचं वय झालेलं, साखर वाढलेली, म्हणजे विचारूच नका.

हा नियम आमच्या मोठ्या डॉक्टरांनीच घालून दिलेला. आणि सात नंबरच्या खाटेवर होती त्यांचीच आई.

आजी न्यूमोनियातून सावरल्या होत्या. नळीतून चाललेलं रक्तदाब टिकवायचं औषध बंद होऊन तीन दिवस झाले, गोळ्या तोंडाने चालू. तरी नळी तशीच. "असू दे सिस्टर, उद्या बघू," सर म्हणायचे. आणि एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी मी वहीत मुकाट्याने लिहायची, 'गरज आहे'. दोन दिवस लिहिलं. सांगतानाही लाज वाटते.

"हे दावं किती दिवस बांधणार गं माझ्या मानेला?" आजी विचारायच्या. मी उशी सारखी करत विषय बदलायची.

तिसऱ्या सकाळी सर घाईघाईने आले, फोन खिशात टाकला आणि थेट आईच्या मानेवरची पट्टी चाचपायला गेले.

"हात!" मी ओरडले.

सरांचा हात हवेतच राहिला.

"शाळेत होता तेव्हापासून असाच," आजी म्हणाल्या. "सांगितल्याशिवाय हात धुवायचा नाही. बरं झालं, कुणीतरी भेटलं याला."

एक नर्स फिस्सकन हसली. सर निमूट बेसिनपाशी गेले. मी वही घेऊन मागोमाग.

"सर, नळी आज कशाला हवी?"

"पुन्हा लागली तर?"

"तर नवी घालू. आज दहावा दिवस आहे या नळीचा. दुसऱ्या कुणाची आई असती, तर तुम्ही मला केव्हाच झापलं असतं."

ते हात चोळतच राहिले. "भीती वाटते हो, सिस्टर. त्या दिवशी रक्तदाब कोसळला, तेव्हा ही नळी होती म्हणून आई वाचली. काढायची म्हटलं की तोच दिवस आठवतो."

चांगलं सुनवायचं ठरवून गेले होते, पण हातातली वही मिटली. "मलाही तुमची भीती वाटली," मी म्हटलं. "म्हणून दोन दिवस खोटं लिहिलं. आज नाही लिहिणार."

त्यांनी नळ बंद केला. "काढा."

आजींना सपाट झोपवलं, श्वास रोखून धरायला सांगितला, नळी काढली आणि घड्याळाकडे बघत ती जागा दाबून धरली. सर पायाशी उभे राहून घाम पुसत होते. आजी मजेत.

तीन दिवसांनी त्यांना साध्या वॉर्डात हलवायचं ठरलं. ताप नाही, काही नाही. खुर्चीत बसून चहा पीत होत्या. सर आले, आधी मॉनिटरकडे बघितलं, मग मानेवरच्या पट्टीकडे.

"हात धुतलेस?" आजींनी विचारलं.

"धुतले."

"मग धर माझा हात. इतके दिवस नुसती ती नळीच बघत होतास. जरा मलाही बघ."

ते आईचा हात धरून तिच्यासमोर स्टुलावर बसले. चांगले अर्धा तास बसले, आणि मी त्यांचा राउंड खुशाल थांबवून ठेवला.