माझ्या पोटातली फळी

मी या स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लॅपटॉप बोलतोय. जुना आहे, तापट आहे आणि बॅटरी दम धरत नाही म्हणून कायम वायरीला बांधलेला आहे. एरवी मी कुणाच्या घरच्या गोष्टी बाहेर सांगत नाही. पण आता राहवत नाही.

मला विकत आणलं एका सुताराने. कपाटं, पलंग, फळ्या यांची चित्रं काढून गिऱ्हाइकांना दाखवायला. लाकडाचा भुसा खाऊन खाऊन माझ्या पंख्याचा आवाज बसला. पुढे विंडोज सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला, की मालक बटण दाबून आंघोळ उरकून यायचे. "भंगारात घालतो तुला," असं रोज म्हणायचे आणि रोज मलाच पुसून ठेवायचे.

त्यांची लेक संगणकाचंच शिकत होती. ती म्हणाली, "बाबा, जीव आहे अजून यात. लिनक्स टाकू, ते विंडोजसारखंच पण हलकं असतं. विंडोजही राहील शेजारी."

"आणि माझी चित्रं?"

"ती तुमच्या बाजूला. मी माझ्या बाजूला. आधी सगळ्यांची नक्कल काढून ठेवते, मग तर झालं?"

लिनक्सचे प्रकार म्हणजे उदंड. लेकीने पेनड्राइव्हवर एकेक आणून, न बसवताच चालवून दाखवला. मालक लाकूड निवडावं तसे पारखून बघत. उबुंटू नावाच्या प्रकारात बटणांची पट्टी डावीकडे, म्हणून नापास. दुसरा एक फार झगमगीत, "लग्नघर वाटतंय." शेवटी मिंट पसंत पडलं, कारण पट्टी खाली, नेहमीच्या जागी.

मग डिस्कची वाटणी. लेक आकडे टाकत होती, तोच मालकांनी तिचा हात धरला. "मध्ये करवतीची जाडी सोड."

"बाबा, इथे करवत कुठे आलीय?"

"कापायचं म्हटलं की करवत आलीच. जाडी सोडली नाही, तर माप हमखास चुकतं."

ती पोट धरून हसली, पण जागा सोडली. माझ्यात विंडोज आणि लिनक्सच्या मध्ये अजून एक चिंचोळी पट्टी रिकामी आहे. तिचा कुणालाच काही उपयोग नाही.

त्या दिवसापासून सुरू होताना मी विचारायचो, कोण हवंय? मालक विंडोज निवडायचे, लेक मिंट. मालकांना मला नीट बंद करायचा कंटाळा, ते नुसतं झाकण मिटायचे. म्हणून लेकीने सोय करून दिली. झाकण मिटलं की उघडं काम जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं आणि मी गाढ झोपायचं.

एका दुपारी मालक चित्र काढत बसले होते. मध्येच त्यांनी छातीवर हात ठेवला, "जरा पडतो," म्हणाले आणि झाकण मिटलं. त्यानंतर त्यांचा हात मला लागला नाही. लोक आले, रडले, गेले.

लेक नंतर मिंटच उघडत राहिली. विंडोजकडे तिचं बोट वळेना. पण तिला नोकरी लागली, काम वाढलं, जागा पुरेना. बाबांच्या बाजूची थोडी घ्यावी म्हणून बसली, तर सूचना आली : विंडोज झोपलेलं आहे, आधी उठवून नीट बंद करा. तिचा चेहरा उतरला. एकदा उठवलं की मालकांची ती दुपार संपणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"आई, बाबांचं शेवटचं काम आत उघडंच राहिलंय. उठवू?"

मालकीणबाई भांडी विसळत होत्या. ओल्या हातांनीच जवळ आल्या. "उठव. बघू तरी काय करत होते."

पडद्यावर याच स्वयंपाकघराची भिंत उगवली. तिच्यावर एक फळी, अर्धीच काढलेली, आताच्या फळीपेक्षा बरीच खाली. बाईंचा खांदा धरलाय, हात वर जात नाही. डबा काढायला त्या स्टुलावर चढतात. फळीशेजारी लिहिलं होतं, 'हिच्यासाठी'. उंचीच्या चौकोनात नुसती रेघ लुकलुकत होती. आकडा घालायचा राहिला होता.

"मला बोललेसुद्धा नाहीत," बाई म्हणाल्या. "बोलले असते तर नको म्हटलं असतं मी. म्हणून नसतील बोलले."

लेकीने त्यांची टेप आणली. "आई, हात वर कर. दुखेल तिथे थांब."

बाईंचा हात खांद्याच्या जेमतेम वर गेला आणि थांबला. लेकीने माप घेतलं, आकडा टाकला, चित्र सेव्ह केलं आणि विंडोज नीट बंद केलं. मालकांची इतके दिवस सांभाळलेली दुपार माझ्या पोटातून गेली. फार वाईट वाटलं मला. पण आम्हाला रडता येत नाही, पंखा तेवढा घरघरला.

"उद्या सुतार बोलावते," लेक म्हणाली.

"दुसऱ्या कुणाचा रंधा या घरात चालायचा नाही!" बाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून पुन्हा भांड्यांकडे गेल्या.

अजूनही रोज सकाळी त्या स्टूल ओढतात आणि चढतात. मी बघत असतो. काल त्यांचा तोल गेला. माझ्या झाकणावर हात टेकला म्हणून सावरल्या, नाहीतर धडगत नव्हती.

बाई, मालकांनी ही फळी तुम्ही पडू नये म्हणून काढली होती. दुसऱ्याच्या हातची का होईना, ती बसवून घ्या. माझाही आता भरवसा नाही. मी सुरू होतोय तोवर माप उतरवून घ्या.